शोधनिबंधाच्या समासात दडलेली साडेतीनशे वर्षं

१८८१ साली हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड लॉरेन्स मार्क हा प्राणिशास्त्रज्ञ एका बिनशंखाच्या गोगलगायीवर लिहीत होता. तिचं अंडं कसं पक्व होतं, त्याचं फलन कसं होतं, मग एका पेशीच्या दोन आणि दोनांच्या चार कशा होतात, असा तो विषय. मजकूर शेकडो पानांचा, आणि त्यात जागोजागी आधीच्या संशोधकांचे दाखले. त्या काळी असे दाखले बहुतेक तळटिपांत जात. ग्रंथाचं नाव, खंड, पान हे सगळं पुन्हा पुन्हा लिहायचं, तेही ज्याच्या त्याच्या सवयीनं. मार्कनं एका संशोधकाच्या आडनावाला जोडून कंसात फक्त वर्ष घातलं आणि तळाशी खुलासा केला की या आकड्याची कामं दोन. लेखाच्या शेवटच्या यादीतली नेमकी नोंद त्यावरून सापडेल, आणि ते काम साधारण कधीचं आहे हेही वाचता वाचता कळेल.

आज नांदेडला किंवा कोल्हापूरला पीएच.डी. करणारी मुलगी ‘(पाटील, २०१९)’ असं टाइप करते, तेव्हा ती हीच युक्ती वापरत असते. तिला ती ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणून शिकवलेली असते. गोगलगायीचा उल्लेख त्या तासाला कुणी करत नाही, आणि मला वाटतं तो करायला हवा.

शोधनिबंध लिहून झाला की तो जर्नलला पाठवण्याआधी ‘लेखकांसाठी सूचना’ नावाचं एक प्रकरण समोर येतं. ओळींत दुप्पट अंतर ठेवा, प्रत्येक ओळीला क्रमांक द्या, सारांश अडीचशे शब्दांत बसवा, आकृत्या स्वतंत्र फाइलींत द्या, संदर्भात वर्षानंतर पूर्णविराम की स्वल्पविराम ते पाहा. बहुतेकांना हा छळ वाटतो. महिनोन्‌महिने प्रयोगशाळेत किंवा दप्तरखान्यात घालवल्यावर शेवटी कंस आणि ठिपके मोजत बसायचं! पण यातला एकेक नियम हातात घेऊन तो आला कुठून असं विचारलं, की त्याच्या मागे एखादं भांडण, एखादी चूक किंवा मार्कसारखा एखादा माणूस सापडतो. आणि मग कळतं की जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अनोळखी माणसानं, कदाचित शंभर वर्षांनी, आपलं म्हणणं तपासून पाहावं यासाठी ही सगळी मांडामांड आहे.

पहिल्या पानापासून सुरुवात करू. छापलेल्या निबंधाच्या शीर्षकाजवळ बारीक टाइपात एक ओळ असते: अमुक तारखेला मिळाला, अमुक तारखेला स्वीकारला. ती सहसा कुणी वाचत नाही. पण विज्ञान-नियतकालिक ही गोष्टच मुळात या तारखेच्या गरजेतून वाढली.

१६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी विचित्र दिसला. एकाच्या जागी तीन गोल जोडल्यासारखे. ती कडी आहेत हे त्याच्या दुर्बिणीला दिसणं शक्य नव्हतं. हा शोध लगेच सांगावा तर खात्री कमी, आणि थांबावं तर दुसरा कुणी आधी सांगेल अशी भीती. म्हणून त्यानं आपलं लॅटिन वाक्य लिहून त्यातल्या अक्षरांची सरमिसळ केली आणि ते कोडं धाडून दिलं. पुढे कुणी दावा केलाच, तर अक्षरं जुळवून ‘हे मी आधीच लिहिलं होतं’ असं दाखवता येणार होतं. केप्लर ते कोडं सोडवत बसला आणि त्यानं त्यातून वेगळंच वाक्य काढलं: मंगळाला दोन चंद्र आहेत. उत्तर साफ चुकलेलं होतं. पण १८७७ साली मंगळाचे चंद्र खरोखरच सापडले, आणि ते दोनच निघाले. मी ही गोष्ट कितीदा वाचली तरी अंगावर काटा येतो.

तर ज्ञान असं कुलूप लावून फिरत होतं. त्यावर उपाय काढला तो हेन्री ओल्डेनबर्ग यानं. हा मूळचा जर्मनीतल्या ब्रेमेनचा, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव. युरोपभरच्या संशोधकांशी त्याचा पत्रव्यवहार इतका दांडगा होता, की १६६७ मध्ये संशयावरून त्याला काही काळ लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत राहावं लागलं. त्याच्या दोन वर्षं आधी, ६ मार्च १६६५ ला, त्यानं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला अंक काढला होता. पॅरिसमध्ये ‘जुर्नाल दे सावां’ हे पत्र त्याच वर्षी जानेवारीत निघालं होतं, पण ओल्डेनबर्गचं पत्र विज्ञानाला वाहिलेलं होतं आणि ते आजही निघतं. पत्र मिळाल्याची नोंद होऊ लागली, ते छापलं जाऊ लागलं, आणि शोध आधी कुणी लावला याला सार्वजनिक पुरावा मिळाला. आता लपवण्यापेक्षा सांगण्यात फायदा होता.

त्या सुरुवातीच्या अंकांतलं बरंचसं लेखन खरोखरच पत्रं होती. डेल्फ्ट गावचा कापड-व्यापारी लेवेनहुक याला डच सोडून दुसरी भाषा येत नव्हती. त्यानं स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबातले सूक्ष्मजीव पाहिले आणि १६७६ मध्ये ते लंडनला लिहून कळवलं. ओल्डेनबर्गनं त्या मजकुराचं इंग्रजी करून पुढच्याच वर्षी छापलं. सारांश, संदर्भ, काहीच नाही. एका माणसानं दुसऱ्याला सांगितलं, की मी हे पाहिलं. आजच्या निबंधासोबत संपादकाला जे पत्र जोडावं लागतं, त्यात त्या मूळ पत्राचा अंश मला अजून दिसतो.

तारखेचं मोल आपल्याकडेही सिद्ध झालेलं आहे. १९२८ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन द्रवांमधून विखुरणारा प्रकाश तपासत होते आणि त्यांना त्यात एक नवा परिणाम दिसला. त्याच महिन्यात मॉस्कोत लान्ड्सबर्ग आणि मांडेलश्ताम यांना स्फटिकांमध्ये तोच परिणाम दिसला होता. रामन यांनी ‘नेचर’ला मजकूर तातडीनं पाठवला आणि तो ३१ मार्चला छापून आला. ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ हे नियतकालिक त्यांनी स्वतःच दोन वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, सुरू केलं होतं. तिथेही निबंध आला आणि त्याच्या सुट्या प्रती देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना रवाना झाल्या. मॉस्कोचा निबंध छापून यायला जुलै उजाडला. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, त्यामागे प्रयोग आहेच, पण वेळेवर पोचलेलं टपालही आहे.

आता शीर्षक. इथे मला अलिबागजवळच्या किहीमला जावंसं वाटतं. १९३० मध्ये सलीम अली तिथे राहत होते. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. झाडाशी शिडी लावून, आडोसा करून ते घरट्यांकडे तासन्‌तास पाहत राहिले. आपण मराठी माणसं सुगरणीला आई म्हणून पाहतो. पिलांसाठी खोपा विणणारी ती. सलीम अलींना दिसलं ते असं की विणतो तो नर. अर्धवट विणलेलं घरटं पाहायला मादी येते, आत शिरून तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते. मग नर ते पुरं करतो आणि पुढच्या घरट्याच्या कामाला लागतो, पुढच्या मादीसाठी. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात १९३१ साली हा निबंध आला. त्याच्या शीर्षकाचे भाग दोन: पहिल्यात सुगरणीच्या घरटं बांधण्याच्या सवयी, सोबत तिचं शास्त्रीय नाव, आणि दुसऱ्यात तिच्या संसाराचा नवा अर्थ. पहिला भाग सूचीकाराला सापडावा म्हणून, दुसरा माणसानं पान उलटावं म्हणून. आजही कुठल्याही विद्यार्थ्यानं समोर ठेवावा असा हा नमुना आहे. शीर्षकात कोटी करणाऱ्यांचं काम पुढे शोधताना सापडत नाही, हे मात्र मी ठामपणे सांगेन.

शीर्षकाखाली लेखकांची नावं. एकेकाळी ही जागा एका नावाची होती. २०१५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक निबंध आला, त्याला ५,१५४ लेखक. पानं तेहतीस, त्यातली नऊ निबंधाची, उरलेली चोवीस नावांची आणि संस्थांची. याच्या उलट १९६६ साली लँडर आणि पार्किन यांनी गणितातला निबंध दोन वाक्यांत संपवला. पाचव्या घातांची बेरीज पुन्हा पाचवा घात व्हायला निदान पाच संख्या लागतात, असं सांगणारा ऑयलरचा अंदाज जवळजवळ दोनशे वर्षं खरा मानला जात होता. त्या दोघांनी संगणकावर शोधून दाखवलं की २७, ८४, ११० आणि १३३ या संख्यांचे पाचवे घात मिळवले तर बेरीज १४४ च्या पाचव्या घाताइतकी येते. अंदाज कोसळला. कागद घेऊन पडताळून पाहा, दोन्हीकडे ६१,९१,७३,६४,२२४ हाच आकडा येतो. जे सांगायचं ते सांगून झालं होतं, म्हणून ते थांबले.

नावांचा एक प्रश्न आपल्या भागात फारच जाणवतो. ‘एस. पाटील’ किंवा ‘आर. कुलकर्णी’ या नावानं लिहिणारे किती असतील? त्यात लग्नानंतर आडनाव बदललेली संशोधक दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून नोंदली जाते आणि तिचं निम्मं काम दुसऱ्याच कुणाचं वाटतं. २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळू लागला. तो संशोधकाला जन्मभर पुरतो, नाव काहीही होवो. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पहिला निबंध पाठवण्याआधी तो घ्यायलाच हवा.

मग मजकूर. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा हा चौकोनी साचा आपल्याला सनातन वाटतो, पण तो विसाव्या शतकात रुळला. नामांकित वैद्यकीय जर्नलांमध्ये तो सरसकट दिसू लागला तो १९८० च्या आसपास. काम ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं हा साचा सांगत नाही. आधी कुतूहल, मग चुकलेले प्रयोग, मग अचानक लागलेला धागा, हे सगळं त्यात सपाट होतं. नोबेल मिळवलेले जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ मध्ये थेट विचारलं होतं की हा वैज्ञानिक निबंध म्हणजे फसवणूक तर नव्हे? त्यांचा आक्षेप खरा आहे. तरीही मला साचा हवा वाटतो, कारण रात्री दोन वाजता शंभर निबंध चाळणाऱ्या डॉक्टरला औषधाची मात्रा कुठे लिहिली आहे ते शोधावं लागत नाही. ती ‘पद्धती’मध्येच असते.

आता खाली उतरू, अक्षरांपर्यंत. इथली बारीक कलाकुसर मला सगळ्यात थक्क करते. भौतिकशास्त्रात ‘एम’ हे रोमन अक्षर तिरपं छापलं तर त्याचा अर्थ वस्तुमान, आणि सरळ छापलं तर मीटर. राशी तिरप्या, एकक सरळ, असा जागतिक नियम आहे. एका अक्षराच्या कलण्यावर अर्थ उभा आहे. जीवशास्त्रात प्रजातीचं नाव तिरपं, त्यातल्या पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. सह्याद्रीतली नवी पाल किंवा नवा बेडूक जगासमोर येतो तेव्हा याच वळणानं येतो, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो कुठल्या संग्रहालयात, कुठल्या क्रमांकाखाली ठेवला आहे हेही लिहावं लागतं. आकडा आणि एकक यांच्यात मोकळी जागा हवी. दशलक्षांचे आकडे तीन-तीनच्या गटांत लिहून मध्ये स्वल्पविरामाऐवजी बारीक जागा सोडायची, कारण काही देशांत स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह आहे. लाख-कोटीच्या हिशेबानं वर मी स्वल्पविराम दिले तसे ते तिकडे पाठवले तर जर्मन वाचक गोंधळून जाईल.

हे फाजील वाटत असेल तर जनुकांची हकिगत ऐका. माणसाच्या काही जनुकांना सेप्टिन आणि मार्च या नावांवरून इंग्रजी लघुनावं दिलेली होती. संशोधक ती एक्सेलच्या तक्त्यात भरत आणि एक्सेल त्यांना परस्पर तारखा समजे. दुसऱ्या क्रमांकाचं सेप्टिन टाइप करावं आणि चौकटीत २ सप्टेंबर उमटावं. हजारो ओळींच्या यादीत हे कुणाच्या लक्षात येणार? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. तीही नावाजलेल्या जर्नलांत. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच लघुनावं बदलली. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये तो आपोआप बदल बंद करण्याची सोय आली. पुरवणी तक्ते पाठवण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घाला असं संपादक बजावतात, त्यामागे हे सगळं आहे.

आणि गणिताची सूत्रं? १९७७ मध्ये डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाच्या हाती त्याच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. पहिली आवृत्ती शिशाच्या टाइपात, जुन्या कसबी जुळाऱ्यांनी जुळवलेली होती. नव्या यंत्रानं केलेली अक्षरजुळणी इतकी ओबडधोबड होती की त्याला ती सोसवेना. अक्षर म्हणजे शेवटी कागदावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रचना, आणि ती संगणकाला शिकवता येईल, असं म्हणून त्यानं ग्रंथ बाजूला ठेवला आणि ‘टेक’ ही प्रणाली लिहायला घेतली. काही महिन्यांचं काम म्हणून हाती घेतलेलं ते वर्षानुवर्षं चाललं. ओळीतल्या शब्दांमधलं अंतर सगळ्या परिच्छेदाचा विचार करून ठरवावं, वर्गमूळाचं छत आतल्या मजकुराएवढंच लांब असावं, हे सगळं त्यानं त्यात घातलं आणि ते फुकट वाटून टाकलं. चूक दाखवणाऱ्याला तो २.५६ डॉलरचा धनादेश देई. लोक तो वटवायच्या ऐवजी चौकट करून भिंतीवर लावत. प्रणालीच्या आवृत्तीचा क्रमांक दर सुधारणेला ‘पाय’ या संख्येच्या एकेक दशांशानं पुढे सरकतो. सध्या तो ३.१४१५९२६५३ असा आहे. क्नूथच्या इच्छेप्रमाणे, तो गेल्यावर क्रमांक नुसता ‘पाय’ होईल आणि त्यानंतर प्रणालीत कुणी हात घालायचा नाही. लेस्ली लॅम्पोर्टनं त्यावर १९८० च्या दशकात ‘लाटेक’ उभं केलं, आणि आज गणित-भौतिकीचे निबंध बहुतांशी त्यातच तयार होतात. एका लेखकाला आपलं पान कुरूप दिसलं, म्हणून.

आकृत्यांबद्दल थोडक्यातच. फोटोला दर इंचाला निदान तीनशे ठिपके, रेषाचित्राला त्याहून पुष्कळ जास्त. आकृती जर्नलच्या रकान्याच्या रुंदीत बसवून त्यातली अक्षरं वाचता येतात का ते पाहावं. लाल आणि हिरवा हे दोनच रंग शेजारी ठेवू नयेत, कारण युरोपीय वंशाच्या दर बारा पुरुषांपैकी साधारण एकाला ते नीट वेगळे दिसत नाहीत, आणि आपल्याकडेही असे वाचक आहेतच. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएच्या निबंधात दुहेरी सर्पिलाचं एकच साधं रेखाचित्र होतं. ते ओडील क्रिक या चित्रकर्तीनं, फ्रान्सिस क्रिकच्या पत्नीनं काढलं होतं. दोन पानांवर संपलेल्या त्या लेखातली तीच आकृती पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

शेवटी संदर्भसूची, जिथे विद्यार्थी सर्वाधिक रडकुंडीला येतात. मार्कच्या पद्धतीखेरीज दुसरी मोठी पद्धत आकड्यांची: मजकुरात १, २, ३ आणि शेवटी त्याच क्रमानं यादी. जानेवारी १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले. त्या काळी एका जर्नलनं नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा तर टाइपरायटरवर सगळा नव्यानं उतरवावा लागे, कारण प्रत्येकाची रीत निराळी. निदान आपल्यात तरी एक रीत ठेवू, असं त्यांनी ठरवलं. मानसशास्त्रवाल्यांचे नियम १९२९ मध्ये छापले गेले तेव्हा ते सात पानांत मावले होते. आज त्यांचं पुस्तक चारशेहून अधिक पानांचं आहे. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेवरच्या निबंधात मात्र संदर्भ एकही नाही, शेवटी मिकेले बेसो या मित्राचे आभार तेवढे आहेत. आज तो पाठवला असता तर संदर्भसूचीचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाताच आलं नसतं.

सूचीतला प्रत्येक आकडा काही ना काही बोलतो. डीएनएच्या त्या निबंधाचा डीओआय क्रमांक १०.१०३८ असा सुरू होतो. ही ‘नेचर’च्या प्रकाशकाची खूण. तिरप्या रेघेनंतर १७१७३७ हे आकडे आहेत: खंड १७१, पान ७३७. संकेतस्थळं बदलतात, कंपन्या विकल्या जातात, पण हा क्रमांक निबंधाला चिकटून राहतो. तसाच नियतकालिकाचा आयएसएसएन. ‘नेचर’चा आहे ००२८-०८३६. पहिल्या सात आकड्यांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ नी गुणा: १२, ४०, २४ आणि ६, बाकी शून्यं. बेरीज ८२. त्यात शेवटचा ६ मिळवा, ८८ झाले, आणि त्याला ११ नी निःशेष भाग जातो. टाइप करताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर भाग जात नाही आणि चूक पकडली जाते. घरातल्या एखाद्या नियतकालिकावर हा क्रमांक असेल तर करून बघा. शेवटी आकड्याच्या जागी रोमन ‘एक्स’ असेल तर तो दहा समजायचा.

सगळं जुळवून निबंध पाठवला की तो अनोळखी समीक्षकांकडे जातो. ही पद्धतही वाटते तितकी जुनी नाही. लेखी अभिप्राय घेण्याची कल्पना रॉयल सोसायटीत विल्यम ह्यूएल यांनी १८३१ मध्ये मांडली, पण कितीतरी जर्नलं त्यानंतर शंभर वर्षंही संपादकाच्या मतावर चालत. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ला निबंध धाडला. त्यांचा दावा होता की गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत. संपादक जॉन टेट यांनी तो समीक्षकाला दाखवला आणि त्यानं दहा पानी अभिप्राय देऊन त्रुटी दाखवली. आइन्स्टाइन संतापले. छापण्याआधी तो कुणाला दाखवण्याची परवानगी आपण दिलेली नव्हती, असं कळवून त्यांनी निबंध मागे घेतला आणि दुसऱ्या नियतकालिकाकडे दिला. पण तो छापून येण्यापूर्वी चूक त्यांच्या ध्यानात आली आणि निष्कर्ष उलटला. तो अनामिक समीक्षक म्हणजे हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन, हे नंतर उघड झालं.

त्याच लहरी १४ सप्टेंबर २०१५ ला प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. त्या शोधाचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’च्याच भावंड-नियतकालिकात आला: मिळाला २१ जानेवारी २०१६, प्रसिद्ध ११ फेब्रुवारी. लेखक हजारावर, आणि त्यांत जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या ‘आयुका’तले संशोधकही. अशा लहरी टिपणारी भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. तिथून निघणाऱ्या निबंधांवरही ती ‘मिळाल्याची तारीख’ असेल.

निबंध पाठवायच्या तयारीत असलेल्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिल्या खेपेला साचा काटेकोर पाळण्याची सक्ती आता पुष्कळ जर्नलांनी सोडली आहे. वाचता येईल असा मजकूर आणि पूर्ण संदर्भ असले की पुरतं, बाकीची मांडणी स्वीकारल्यावर. हा बदल फार चांगला आहे, तेव्हा सूचना आधी वाचा आणि नको तिथे रात्री घालवू नका. दुसरी गोष्ट, पैसे भरा आणि चार दिवसांत छापून देतो असं सांगणाऱ्या जर्नलांकडे फिरकू नका. तिथे तारीख असते, पण तपासणारं कुणी नसतं. मार्गदर्शकांनीही नियम सांगताना त्याच्यामागची गोष्ट सांगितली, तर मुलं तो विसरणार नाहीत.

आणि टेम्प्लेट उघडण्याआधी एक संध्याकाळ जुन्या अंकांना द्या. रॉयल सोसायटीनं २०११ मध्ये सत्तर वर्षांहून जुने आपले सगळे निबंध वाचकांसाठी मोफत खुले केले आहेत, अगदी १६६५ पासूनचे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने खंडही ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’च्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. सलीम अलींची सुगरण तिथे आहे: खंड ३४, पान ९४७.